जेटमधली तार

मिस्त्री बोलता बोलता उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना टेकवायचे आणि हवेतच एक न दिसणारा स्क्रू फिरवायचे. "उलीसं," म्हणायचे. "लई न्हाय. उलीसं." गाडीविषयी बोलणं चालू असलं तर ते समजण्यासारखं होतं. पण चहावाल्याला साखर सांगतानाही त्यांची बोटं तशीच फिरायची. एकदा एक पाहुणे भावाशी चाललेलं बांधाचं भांडण अर्धा तास सांगत बसले होते. सगळं ऐकून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "उलीसं तुमी सोडा, उलीसं त्येला सोडू द्या," आणि बोटं फिरवली. पाहुणे त्या बोटांकडंच बघत राहिले.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव कुणी घेत नाही, नुसतं काम घेतात. येडशीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. बोर्ड नव्हता. एक शटर, पुढं पत्र्याची सावली आणि सावलीत तीन-चार जुन्या मोटारसायकली. मला त्यांचं खरं नाव बऱ्याच दिवसांनी कळलं, आणि कळल्यावर ते दुसऱ्याच कुणाचं असावं असं वाटलं.

ते कार्बोरेटरचंच काम करायचे. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला पाजणारा मुठीएवढा डबा. नव्या गाड्यांना तो नसतो. नवी गाडी दारात आली की मिस्त्री हात जोडून म्हणायचे, "हिच्या पोटात काय चालतंय ते हिलाच म्हायती. म्होरच्या दुकानात जावा." बाकी पंक्चर, ब्रेक, चेन हेही ते करायचे, पण जेवण झाल्यावर बडीशेप खावी तसं.

आणखी एक गोष्ट. ते पांढरा शर्ट घालून काम करायचे. धुतलेल्या धोतराचं पांढरं फडकं समोर अंथरायचं आणि कार्बोरेटरचा एकेक भाग काढून त्यावर ओळीनं मांडायचा. शेवटचा काढला तो आधी, अशा ओळीनं परत बसवायचा. मी एकदा विचारलं, पांढरंच का. म्हणाले, "पांढऱ्यावर घाण दिसती. काळ्या फडक्यावर काम करणाराला घाणीची भीतीच ऱ्हात न्हाय." ओळ मांडलेली असताना कुणी फडक्याजवळून चालत गेलं तर ते नुसते त्याच्या पायांकडं बघायचे. माणूस आपोआप लांबून जायचा.

गाडी आली की ती आधी बघायची नाही, हा त्यांचा नियम. गाडीवाल्याला समोरच्या पिंपावर बसवायचे. "काय काय केलंस ते सांग. पहिलं तू सांग, मंग गाडीला इचारतो." गाडीवाला सहसा म्हणायचा, काही नाही केलं, आपोआपच बंद पडली. मिस्त्री मान हलवायचे आणि खोलायला बसायचे. दहा मिनिटांत खरं काय ते फडक्यावर यायचं. कुणी रॉकेल ओतलेलं असायचं, कुणी फिल्टर काढून त्या जागी लुगड्याचा तुकडा बसवलेला असायचा. एकानं रामलिंगाच्या देवळाला गेल्यावर माकडानं पेट्रोलची नळी ओढली असं सांगितलं, आणि ते खरं निघालं. मिस्त्री नवी नळी लावत म्हणाले, "माकडाला बी कळलं, हिला पेट्रोल कमी पडतंय."

आमच्या भागात गाडी घेऊन आलेला प्रत्येक माणूस मिस्त्रीकडं एकच मागणी करतो, ती म्हणजे अॅव्हरेज वाढवून द्या. एका लिटरात पन्नास जाते, साठ करा. त्यासाठी काही मिस्त्री पेट्रोल तोडून, म्हणजे इंजिनाला कमी जाईल असं करून देतात. आमचे मिस्त्री देत नसत. "अॅव्हरेज पायजे? मंग उतरून ढकल. लई देईल." दोन-चार गिऱ्हाइकं याच बोलण्यावर रुसून येरमाळ्याला जायला लागली होती. मिस्त्रींनी त्यांना कधी थांबवलं नाही.

मीही हीच मागणी घेऊन त्यांच्याकडं गेलो होतो. म्हणून हे सगळं सांगतोय.

आमची वस्ती येडशीपासून पाच किलोमीटर आत. बारावी झाल्यावर मी धाराशिवला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणी नाही, त्यामुळं कॉलेज म्हणजे नेमकं किती तासांचं असतं हे घरी कुणाला सांगता येईना, मलाही. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एकच अट होती. कॉलेज करायचं पण रोज घरी यायचं. आमच्या तीन म्हशी. आप्पांचे गुडघे गेलेले, आईच्या एकटीच्यानं दोन्ही वेळची धार होत नाही. एसटीनं जायचं तर सकाळची धार काढून, पाच किलोमीटर चालत फाट्यावर येऊन, कॉलेजात पोचेपर्यंत पहिले दोन तास संपलेले असायचे. मग मामांनी त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल दिली. ती माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. तिच्यामुळं धार आणि कॉलेज दोन्ही जमायला लागलं. म्हणजे साध्या शब्दांत सांगायचं तर माझं कॉलेज त्या गाडीवर उभं होतं.

पण ती पेट्रोल फार प्यायची. मिस्त्रींकडं गेलो आणि भीत भीत म्हणालो, "मिस्त्री, अॅव्हरेजचं काही…"

"न्हाय," ते म्हणाले.

कॉलेजात एका मुलानं मला उपाय सांगितला. कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळेचा छोटा नट असतो, त्याला आरपार बारीक भोक असतं, त्यातून पेट्रोल जातं. त्या भोकात विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार सरकवायची. भोक अरुंद होतं, पेट्रोल कमी जातं. मी एका रविवारी गोठ्यामागं बसून ते केलं. पुढचे आठ दिवस गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जास्त गेली. मला स्वतःचा अभिमान वाटला होता हे लपवत नाही.

नवव्या दिवशी धाराशिवहून परत येताना टेकडीच्या चढावर गाडीचा आवाज बदलला, एक कर्कश ओरड आली आणि मागचं चाक जागीच धरलं. मी पडलो नाही एवढंच. इंजिनाजवळ हात नेववत नव्हता. घाबरून मी रस्त्याकडेलाच कार्बोरेटर खोलला आणि सेफ्टी पिननं ती तार काढायला गेलो. तार आत तुटली. पिननं टोकरून टोकरून मी निम्मी बाहेर काढली. मग एका टेम्पोवाल्याच्या मदतीनं गाडी मिस्त्रींच्या दारात आणली.

त्यांनी मला पिंपावर बसवलं. "काय काय केलंस ते सांग."

"काही नाही," मी म्हणालो. "चढावर आपोआप बंद पडली."

त्यांनी मान हलवली. फडकं अंथरलं. टाकी, नळी, मग कार्बोरेटर. एकेक भाग ओळीत येत होता आणि माझे कान गरम होत होते. जेट काढून त्यांनी भिंगाखाली धरला, उजेडाकडं केला. बराच वेळ. मग बारीक चिमट्यानं त्यातून काहीतरी ओढलं आणि फडक्याच्या अगदी मधोमध ठेवलं. नखाएवढी तांब्याची तार.

"ही काय गाडीसंगं आली व्हती?"

मी मान खाली घातली.

"हिला ऑइल कुठनं जातंय म्हायती हाय का? पेट्रोलातनंच. तू पेट्रोल तोडलंस, तवाच ऑइल बी तोडलंस. कोरडं पडलं इंजिन. पिस्टन धरला." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "तार घातलीस ते एक. पिन घालून भोक वाकडं केलंस ते दुसरं. आन् इचारल्यावर न्हाय म्हनलास ते तिसरं. पयल्या दोन्हींवर इलाज हाय."

त्यांनी इंजिनाचं डोकं उघडलं. पिस्टनवर ओरखडे होते, पण तो वाचण्यासारखा होता. घासूनपुसून चालेल म्हणाले. अडचण जेटची होती. भोक लंबुळकं झालं होतं आणि त्या गाडीचे जेट कंपनीनं बनवायचं बंद करून कित्येक वर्षं झाली होती.

संध्याकाळी चालत घरी गेलो. आप्पांना सगळं सांगितलं, तारेसकट. ते रागावले नाहीत. गुडघ्याला तेल लावत होते. बाटलीला बूच लावत म्हणाले, "मंग यंदाचं ऱ्हाऊ दे. म्होरच्या साली बघू."

सोमवारी माझी रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा होती. परीक्षेपुरतं कसंबसं एसटीनं जाता आलं असतं. पण पुढं रोजचं काय, हा प्रश्न होता, आणि आप्पांनी त्याचंच उत्तर दिलं होतं. आमच्या वस्तीवर ज्याचं ज्याचं शिक्षण "यंदाचं" राहिलं, त्यातला एकही परत शाळेत गेलेला मी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी जेट खिशात घालून धाराशिवातली चार दुकानं आणि बार्शीतली दोन दुकानं फिरलो. एका दुकानदारानं तो जेट हातात घेऊन आतल्या माणसालाही बोलावलं, "अरे हे बघ, ही गाडी अजून चालती म्हणे." शेवटी एकानं दुसऱ्याच गाडीचा एक जेट दिला. आटे तेच होते, भोक मात्र मोठं.

मिस्त्रींनी तो बघितला. "बुजवू. परत पाडू," म्हणाले.

"जमेल का?"

"ते जमल्यावर सांगतो."

त्या वेळी ते कार्बोरेटरचा तरंगा तपासत होते. तरंगा म्हणजे आतली पितळेची पोकळ डबी. ती पेट्रोलवर तरंगते आणि पातळी भरली की पेट्रोल थांबवते. तिला बारीक भोक पडलं तर ती बुडते. ते भोक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मिस्त्री तिला गरम पाण्यात धरायचे आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचे. मी शेजारी उकिडवा बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "घरी म्हणालेत, यंदाचं राहू दे."

पाण्यातला हात थांबला. "कोन म्हनलं?"

"आप्पा."

एक बुडबुडा वर आला, दुसरा आला. मिस्त्रींचं त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे म्हनलं की ऱ्हातंयच ते." ते स्वतः सातवीपर्यंत शिकले होते आणि सायकल मोडली म्हणून शाळा सुटली, हे मला नंतर चहावाल्याकडून कळलं. त्या दिवशी त्यांनी तरंगा पुसला, बुडबुड्याच्या जागी खूण केली आणि म्हणाले, "सोमवारी किती वाजता पोचायचंय?"

"दहाला."

"बरं."

त्या दिवसापासून दुकानात दुसरी गाडी खोलली गेली नाही. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री म्हणायचे, "मंगळवारी या." तरंग्याला कथलाचा डाग देऊन भोक बुजवलं. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचं पॅकिंग फाटलं होतं, ते लग्नपत्रिका कापून केलं. त्यांच्याकडं पत्रिकांचा गठ्ठाच होता, जाडीप्रमाणं लावलेला. एक जाडजूड पत्रिका कात्रीनं कापत म्हणाले, "लगीन टिकलं न्हाय हे. पत्रिका मातूर दमदार."

मी आणलेल्या जेटच्या भोकात त्यांनी कथील ओतून ते बुजवलं. आता त्यात नेमकं मूळच्या मापाचं भोक पाडायचं होतं. त्यासाठी त्यांनी बाजारातल्या घड्याळवाल्याकडून त्याचं केसासारखं बारीक गिरमिट आणलं. घड्याळवाला कुरकुरला, "हे घड्याळाचं काम हाय मिस्त्री, फटफटीचं न्हाय." मिस्त्री म्हणाले, "माझं बी तेच काम. पोराला येळेवर पोचवायचंय."

पण मूळचं माप किती? माझा जेट तर वाकडा झालेला. तशीच गाडी बेंबळीच्या एका निवृत्त गुरुजींकडं होती. मिस्त्रींनी त्यांना फोन केला. गुरुजी शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन स्वतः आले. जेट काढायला कबूल झाले, पण खुर्ची ओढून फडक्याला लागून बसले. "माझा जेट माझ्या नजरेसमोरून हलता कामा नये."

"गुरुजी, वर्गात पोरांवर बी असंच ध्यान ठेवत व्हता का?"

"म्हणून तर पास झाली."

मिस्त्री दोन्ही जेट भिंगाखाली धरून बघायचे आणि मान हलवायचे. एवढ्या बारीक भोकाचं माप डोळ्यांनी घेता येत नव्हतं. मला एक सुचलं होतं, पण बोलायचा धीर होत नव्हता. दोनदा तोंड उघडून मिटलं.

"बोल की," मिस्त्री म्हणाले. "गुरुजींचा जीव जेटात अडकलाय."

"आपण… म्हणजे कॉलेजात आम्ही एका काचेच्या नळीतून पाणी सोडतो. ठरावीक पाणी जायला किती वेळ लागतो ते मोजतो. यातून पेट्रोल सोडलं आणि वेळ मोजला तर? दोन्ही जेटना सारखाच वेळ लागला, तर भोक सारखंच असणार."

मिस्त्रींनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. फक्त पेट्रोलची उंची सारखी पाहिजे."

मी चहावाल्याच्या सायकलवर घरी जाऊन म्हशीला मागं एकदा लावलेल्या सलाईनची रिकामी बाटली आणि नळी घेऊन आलो. बाटली खिळ्याला टांगली, उंचीची खूण भिंतीवर केली. नळीच्या टोकाला गुरुजींचा जेट बसवला आणि खाली मापाचं भांडं धरलं. मोबाइलवर वेळ लावला. आम्ही तिघंही पळणाऱ्या आकड्यांकडं बघत बसलो. दोन मिनिटं सहा सेकंद. परत केलं, परत दोन मिनिटं सहा सेकंद. मिस्त्रींनी खडूनं भिंतीवर तो आकडा लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

"हे तुमाला कॉलेजात शिकवत्यात?"

"हो. म्हणजे असंच काहीतरी."

"बरं शिकवत्यात."

गुरुजी आपला जेट बसवून घेऊन गेले. मिस्त्रींनी गिरमिट दोन बोटांत धरलं. त्यांची ती बोटं मी आजवर हवेतच फिरताना पाहिली होती. आता त्यांच्यात खरोखरचं काहीतरी होतं. एक फेरा, थांबून फुंकर, मग परत एक फेरा. पहिल्या वेळी पेट्रोल जायला दोन मिनिटं पन्नास सेकंद लागले. म्हणजे भोक लहान. थोडं वाढवलं तर एकदम एक मिनिट अठ्ठेचाळीस. म्हणजे मोठं झालं. बुजवलं. दुसऱ्या वेळी भोक मधोमध आलं नाही. बुजवलं. तिसऱ्या वेळी गिरमिटच मोडलं. मिस्त्री उठले, हात धुतले, घड्याळवाल्याकडं गेले आणि दुसरं गिरमिट घेऊन आले. तिथं त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी सांगितलं नाही. बसले आणि परत कथील वितळवायला घेतलं.

शनिवारी दुपारी मी म्हणालो, "मिस्त्री, राहू द्या आता. तुमचा धंदा चार दिवस बंद आहे."

त्यांनी वर बघितलं नाही. "तुझ्या तोंडात बी आला का तो शब्द?"

मी उठून बाटलीत पेट्रोल भरलं.

रविवारी सकाळी सातव्या वेळी पाडलेल्या भोकाला दोन मिनिटं सात सेकंद लागले. मी आनंदानं उठलोच. "एका सेकंदाचा फरक. चालेल मिस्त्री."

"तुला चालंल. इंजिनाला इचारलंस का?" त्यांनी जेट परत काढला, भोकात गिरमिट घालून एकच अर्धा फेरा दिला, पेट्रोलनं धुतला, बसवला. दोन मिनिटं सहा. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा सहा. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर कथलाचा एक डाग पडला होता. त्यांच्या शर्टावर मी डाग पाहिला तो एवढाच.

सोमवारी धार काढून साडेसातला दुकानात पोचलो. गाडी बाहेर उभी होती. तिसऱ्या किकला चालू झाली. मी निघायला गाडीवर बसलो तर मिस्त्री शटर ओढून कुलूप लावत होते.

"तुम्ही कुठं?"

"मागं बसतो. दारात चालली म्हंजे चालली असं न्हाय. रस्त्यावर ऐकावं लागतंय."

ते मागं बसले. खिशात स्क्रूड्रायव्हर, काखेत फडकं. एक हात माझ्या खांद्यावर. खांद्यावर थाप दिली की थांबायचं, असं ठरलं. चार किलोमीटरवर पहिली थाप पडली. मोरीच्या कठड्यावर फडकं अंथरलं आणि प्लग काढला. तो काळाकुट्ट होता. "पेट्रोल जास्त व्हतंय," म्हणाले, आणि तिथंच कार्बोरेटरचं झाकण उघडून आतल्या सुईची क्लिप एक खाच वर सरकवली. येणारेजाणारे थांबून विचारत होते, काय झालं. मी घड्याळ बघत होतो.

"मिस्त्री, उशीर होईल."

"घाई कुणाला हाय, तुला का गाडीला?"

"मला."

"मंग गप बस. हिला घाई न्हाय."

पुढं ती टेकडी आली, जिच्या पलीकडच्या चढावर इंजिन धरलं होतं. मी हातातला पीळ, म्हणजे अॅक्सिलरेटर, सोडायला लागलो. मिस्त्रींनी कानाशी येऊन सांगितलं, "सोडू नको. तिसऱ्यावर ठेव आन् पीळ तसाच धर." गाडी दोघांना घेऊन चढली. माथ्यावर थाप पडली. प्लग काढला. यावेळी त्याचा रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा होता. मिस्त्रींनी तो माझ्यापुढं धरला. "हा रंग ध्यानात ठेव. काळा दिसला तर पेट्रोल जास्त. पांढरा दिसला तर पेट्रोल कमी. तवा थांब, एक पाऊल म्होरं जाऊ नको." मी तो रंग पाहिला. आजही डोळे मिटून सांगू शकतो.

दहाला दहा कमी असताना कॉलेजच्या गेटात शिरलो. मिस्त्री उतरले आणि इमारतीकडं बघत उभे राहिले. मी आत या म्हणालो. म्हणाले, "तू जा. म्या हितं सावलीला बसतो."

परीक्षा पाच तास चालली. बाहेर आलो तर मिस्त्री सावलीला नुसते बसलेले नव्हते. पार्किंगमधल्या झाडाखाली त्यांनी फडकं अंथरलं होतं आणि आमच्या कॉलेजच्या शिपाईकाकांची जुनी मोपेड खोलली होती. शिपाई बाजूला हवालदिल होऊन उभे होते. मला म्हणाले, "हे तुझ्याबरोबरचे का? मी नुसतं विचारलं, सकाळी लवकर चालू होत नाही म्हणून. यांनी खोललीच."

"आदी इचारलं तर काय केलं न्हाय म्हनले," मिस्त्री फडक्यावरून नजर न काढता बोलले. "शिवायची सुई घातलीया आत."

शिपाई दुसरीकडं बघायला लागले.

"पेपर कसा गेला?" मिस्त्रींनी मला विचारलं.

"हातानं करायचं होतं. प्रयोग. बरा गेला."

"हात थरथरला?"

"सुरुवातीला थोडा."

"थरथरंल की. तू हो म्होरं. म्हशी थांबत न्हायत. माझं हे हुईस्तोवर येळ लागंल, म्या एसटीनं येतो."

मला वाटलं ते गंमत करतायत. एकट्यानं ती गाडी चालवायची मला भीती वाटत होती, आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार. "मिस्त्री, वाटेत परत काही झालं तर?"

"तवा थांब आन् बघ. समदं तुझ्या म्होरंच तर केलंय." एवढं बोलून त्यांनी मोपेडचा जेट उजेडाकडं धरला आणि मी तिथं नाहीच अशा थाटात एक डोळा मिटून त्यातून बघायला लागले.

मी निघालो. पहिले काही किलोमीटर मी थापेची वाट बघत होतो. चढाच्या पायथ्याशी स्वतःच थांबलो, प्लग काढून बघितला, परत बसवला. गाडी एकट्याला घेऊन हलकी चालत होती. माझ्या खांद्यावर वाऱ्याशिवाय काही नव्हतं. येडशीत शिरलो तेव्हा मिस्त्रींचं शटर बंद होतं. चार वाजता ते बंद असलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. पुढं वर्षभरानं, एका थंडीत, ते बंद झालं ते कायमचं, आणि आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. पण त्या दिवशी मला एवढंच वाटलं की इथं थांबून गाडी बंद करू नये. थांबलो नाही.

वस्तीवर पोचलो तर आप्पा गोठ्याच्या दारात उभे होते. गाडीचा आवाज त्यांनी लांबूनच ऐकला असावा. मी उतरलो, कपडे बदलले आणि बादली घेऊन म्हशीखाली बसलो. धार चालू झाली. आप्पा गुडघा चोळत गाडीभोवती एक चक्कर मारून आले, पुढच्या चाकाला हलकेच पाय लावून बघितला.

"उद्या कितीला निघायचंय?" त्यांनी विचारलं.

"साडेसातला," मी म्हणालो.